मेर्सेदेस : एका स्पॅनिश नावाची कुळकथा

जर्मनीत तयार होणाऱ्या एका उंची मोटारगाडीचे नाव म्हणून ‘मर्सिडीज’ हा शब्द आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. ही गाडी जन्माला येण्याच्या फार पूर्वीपासून ते स्त्रियांचे नाव होते व आजही आहे, ही गोष्ट मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. स्पेनमध्ये व स्पॅनिश बोलणाऱ्या अमेरिकेतील देशांत त्याचा उच्चार मेर्सेदेस असा करतात. माद्रिदकडील लोकांच्या तोंडी त्यातील ‘से’ हा ‘थे’कडे झुकतो. नाव कानाला गोड आहे, आणि ‘दया’ किंवा ‘कृपा’ हा त्याचा अर्थ नावांच्या कोणत्याही कोशात सापडेल. परंतु तेवढ्यावर समाधान मानल्यास या नावाची खरी हकीकत हातची निसटते. ज्या शब्दापासून ते निघाले त्याचा मूळ अर्थ दया नव्हे, तर मजुरी असा होता. मजुरीचा शब्द दयेचा झाला आणि मुलींच्या नावापर्यंत येऊन पोहोचला, त्या वाटेवर अल्जियर्सचे तुरुंग आहेत आणि माणसांच्या सुटकेसाठी मोजलेल्या नाण्यांच्या थैल्याही आहेत.

प्रथम स्पेनमधील नामकरणाची रीत समजून घेतली पाहिजे. त्या कॅथलिक देशात मुलीला मरियामातेचे नाव देण्याची प्रथा इतकी रूढ झाली, की एकाच घरात आणि एकाच गल्लीत अनेक मारिया नांदू लागल्या. मग मरियामातेच्या एखाद्या बिरुदाची जोड देऊन त्यांना वेगवेगळे ओळखावे लागे. कुणी दुःखांची मारिया, कुणी एकांताची मारिया, तर कुणी जपमाळेची मारिया. रोजच्या बोलण्यात पुढे ‘मारिया’ गळून पडली व बिरुद तेवढे उरले. दोलोरेस म्हणजे दुःखे, सोलेदाद म्हणजे एकाकीपणा, कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, रेमेदिओस म्हणजे उपाय आणि पिलार म्हणजे चक्क खांब! स्त्रियांची ही नावे परक्या माणसाला विलक्षण वाटतात ती यामुळेच. (सारागोसा येथे मरियामातेने एका खांबावर दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे.) यांतील काही शब्द व्याकरणाने पुल्लिंगी आहेत, काही अनेकवचनी आहेत, परंतु त्यांच्यामागे न उच्चारलेली मारिया उभी असल्यामुळे ते निःशंकपणे मुलींची नावे होऊन बसले आहेत.

मेर्सेदेस हे नाव याच कुळातले. त्याचे पूर्ण रूप ‘मारिया दे लास मेर्सेदेस’, म्हणजे कृपांची मारिया. आपल्याकडे मुलीचे नाव कृपा ठेवतील, करुणा ठेवतील. परंतु अनेकवचनी ‘उपकार’ काही कुणी ठेवणार नाही. स्पॅनिश घरांत मात्र या अनेकवचनाचेही लाडके रूप होते. स्पेनमध्ये तिला मेर्चे म्हणतात, अमेरिकेतील देशांत मेचे, आणि लहान मुलगी असेल तर मेर्सेदितास.

या शब्दाचे एकवचन ‘मेर्सेद’. ते लॅटिन भाषेतील ‘मेर्केस’ या शब्दापासून आले आहे. रोमन लोकांच्या व्यवहारात मेर्केस म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला : मजुरी, वेतन, भाडे, आणि प्रसंगी लाचसुद्धा. विक्रीचा माल या अर्थाच्या ‘मेर्क्स’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. बाजार, व्यापार, व्यापारी या अर्थांचे युरोपीय भाषांतील पुष्कळसे शब्द त्याच घराण्यातले. पैशासाठी लढणाऱ्या भाडोत्री सैनिकाला इंग्रजीत ‘मर्सिनरी’ म्हणतात, तोही त्यांचाच भाऊबंद. अशा रोकड्या व्यवहाराच्या शब्दाला दयेचा स्पर्श झाला तो ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांमधून. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी तपासून सिद्ध केलेल्या लॅटिन शुभवर्तमानात स्वर्गात मिळणाऱ्या प्रतिफळालाही मेर्केसच म्हटले आहे आणि द्राक्षमळ्यातील मजुरांच्या रोजालाही. हा द्राक्षमळ्याचा दृष्टान्त या शब्दाच्या दृष्टीने फार मार्मिक आहे. दिवसभर राबलेल्या मजुरांना जेवढा रोज मिळतो, तेवढाच संध्याकाळी येऊन तासभर काम केलेल्यांनाही मालक देतो. पहिल्यांना मिळाली ती मजुरी. शेवटच्यांना जे मिळाले त्याला काय म्हणावे? शब्द तोच राहिला, पण त्यातील हक्काचा अंश कमी होऊन देणाऱ्याच्या औदार्याचा अंश वाढत गेला. लॅटिनपासून निघालेल्या भाषांत तो याच दुसऱ्या अर्थाने पसरला. इंग्रजीतील ‘मर्सी’ म्हणजे दया आणि फ्रेंच माणूस आभार मानताना उच्चारतो तो ‘मेर्सी’, हे दोन्ही त्याचेच अवतार होत.

असे असले तरी या शब्दाला चिकटलेला पैसा सुटला नव्हता. तेराव्या शतकात तो पुन्हा पुढे आला, आणि तेव्हापासूनच ‘मेर्सेद’ हे मरियामातेचे बिरुद झाले.

त्या काळी स्पेनचा दक्षिण व पूर्वेकडील मोठा भाग मुसलमान राज्यकर्त्यांच्या ताब्यात होता. व्हॅलेन्सिया शहर आरागॉनच्या राजाने घेतले ते १२३८ मध्ये. सरहद्दीवरच्या धाडींत आणि समुद्रावरील चाचेगिरीत दोन्ही बाजूंची माणसे धरली जात व विकली जात. हे दोन्ही बाजूंचे होते, हे विसरता कामा नये. ख्रिस्ती बंदिवान उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत जसे साखळदंडात होते, तसेच मुसलमान बंदिवान स्पेनच्या व इटलीच्या गलबतांवर वल्ही मारीत होते. बंदिवानाचे घर सधन असेल तर खंडणी भरून त्याला सोडवून आणीत. गरिबाच्या घरी मात्र वाट पाहण्यापलीकडे काही उपाय नसे.

परंपरा असे सांगते, की बार्सिलोना येथील पेद्रो नोलास्को नावाच्या एका व्यापाऱ्याने स्वतःचे धन वेचून असे बंदिवान सोडविण्यास आरंभ केला. १२१८ च्या ऑगस्ट महिन्यात मरियामातेने त्याला दर्शन दिले व त्यानंतर १० ऑगस्ट रोजी राजा पहिला जाउमे याच्या साक्षीने एका धर्मसंघाची स्थापना झाली. राजाचे वय तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते, हे लक्षात घेता या कथेत नंतरच्या काळाने बरेच रंग भरले असावेत, असे इतिहासकार मानतात. १२३५ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने संघाला मान्यता दिली, हे मात्र निश्चित. हाच पुढे ‘मेर्सेद’चा धर्मसंघ म्हणून प्रसिद्धीस आला, आणि त्याची अधिष्ठात्री ती मेर्सेदची माता. माल विकत घेणे आणि विकणे हा ज्याचा धंदा, त्यानेच माणसे विकत घेऊन मोकळी करण्याचा संघ काढावा, ही परंपरेची कल्पना शब्दाच्या मूळ अर्थाला धरून आहे.

गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते सर्वच कॅथलिक संन्यासी घेतात. मेर्सेदच्या संन्याशांना चौथे एक व्रत होते. एखाद्या बंदिवानाची श्रद्धा डळमळण्याचा धोका असेल आणि त्याला सोडविण्यास पैसा अपुरा पडत असेल, तर त्याच्या जागी आपण स्वतः ओलीस राहावयाचे. केवळ कागदावर राहावे असे हे व्रत वाटेल, पण ते तसे राहिले नाही.

सुटकेच्या मोहिमेची तयारी बराच काळ चाले. संन्यासी गावोगाव हिंडून भिक्षा गोळा करीत. मृत्युपत्रांतून या कामासाठी देणग्या मिळत. घरची माणसे आपापल्या बंदिवानाच्या नावाने रक्कम आणून देत व तिची नोंद होई. पलीकडच्या राज्यकर्त्याकडून अभयपत्र मिळाले की नाणी व माल घेऊन जहाज निघे. तेथे पोहोचल्यावर जकात द्यावी लागे, अधिकाऱ्यांना नजराणे द्यावे लागत, आणि पुष्कळदा राज्यकर्त्याच्या स्वतःच्या मालकीचे बंदिवान आधी, तो सांगेल त्या किमतीला घ्यावे लागत. मग यादी उघडायची. कोण सुटेल व कोण राहील हे त्या यादीवर ठरे. परत आलेल्यांची शहरातून मिरवणूक निघे. लोक अश्रू ढाळीत, आणि पुढच्या मोहिमेची भिक्षा तेथेच सुरू होई.

या यादीने स्पॅनिश साहित्याचा इतिहास जवळजवळ बदलला असता. लेपांतोच्या आरमारी लढाईत (१५७१) डावा हात निकामी झालेला मिगेल दे सर्व्हांटिस हा सैनिक व त्याचा भाऊ रोद्रिगो यांना १५७५ च्या सप्टेंबरात नेपल्सहून परतताना चाच्यांनी पकडून अल्जियर्सला नेले. मिगेलजवळ बड्या सेनानींची शिफारसपत्रे सापडली. तो कुणी मोठा असामी असावा अशी समजूत होऊन त्याची किंमत चढली. घरची स्थिती हलाखीची होती. पती जिवंत असताना आईने विधवा असल्याचे सांगून सरकारी मदतीसाठी अर्ज केला, असे कागदपत्रांवरून दिसते. १५७७ मध्ये मेर्सेदचे संन्यासी अल्जियर्सला आले तेव्हा घरून आलेली रक्कम दोघा भावांना पुरणारी नव्हती. रोद्रिगो सुटला, मिगेल राहिला. त्याच फेरीत आलेले व्हॅलेन्सियाचे संन्यासी होर्खे दे ओलिवार यांना चौथे व्रत पाळण्याची वेळ आली व ते अल्जियर्समध्ये ओलीस राहिले. मिगेलची सुटका १९ सप्टेंबर १५८० रोजी झाली. ती पाचशे सुवर्ण एस्कुदो मोजून दुसऱ्याच एका संघाने, ट्रिनिटेरियन संन्याशांनी केली. कॉन्स्टँटिनोपलला जाणाऱ्या गलबतावर त्याला तोवर चढविलेही होते. ‘डॉन क्विझोट’च्या पहिल्या भागात (१६०५) एका बंदिवानाची लांबलचक आत्मकथा येते, ती लिहिणाऱ्याला आपली किंमत नाण्यांत किती होते हे नेमके ठाऊक होते.

स्पॅनिश साहित्याशी या संघाचा आणखी एक धागा जुळतो. डॉन जुआनला रंगभूमीवर आणण्याचे श्रेय ज्याला देतात तो नाटककार तिर्सो दे मोलिना हा मेर्सेदचाच संन्यासी होता.

धर्मसंघ आपले काम करीत असताना हा शब्द बाजारात, दरबारात व घरांतही वावरत होता. मान्यवर माणसाला ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असे संबोधण्याची चाल पडली होती. सांचो पांझा आपल्या धन्याशी बोलताना असेच म्हणतो. मराठी अर्जांत अधिकाऱ्याला ‘मेहेरबान’ म्हणण्याची जी रीत होती, तिच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. ‘मेहेरबान’ अर्जाच्या मायन्यातच राहिला, स्पॅनिश संबोधन मात्र जिभेवर घासत घासत सतराव्या शतकापर्यंत ‘उस्तेद’ झाले. स्पॅनिशमधील ‘आपण’ हे आदरार्थी सर्वनाम ते हेच. पोर्तुगीज भाषेतील ‘व्होसे’ याचीही व्युत्पत्ती अशीच. म्हणजे अपरिचित माणसाला रस्ता विचारणारा स्पॅनिश माणूस, नकळत का होईना, मेर्सेदेस या नावातील शब्द उच्चारीत असतो.

अमेरिका खंडात स्पेनची सत्ता गेली तेव्हा हा शब्द दोन वाटांनी तेथे पोहोचला. एक वाट देवळाची. कॅलिफोर्नियातील एका नदीला १८०६ मध्ये स्पॅनिश मोहिमेने मेर्सेदच्या मातेचे नाव दिले, आणि तेथील एक शहर आज त्याच नावाने ओळखले जाते. अर्जेंटिनात जनरल बेल्ग्रानो याने २४ सप्टेंबर १८१२ रोजी तुकुमानची लढाई जिंकली. तो दिवस मेर्सेदच्या मातेच्या सणाचा. बेल्ग्रानोने तिला सैन्याची सेनापती मानून आपला अधिकारदंड तिच्या मूर्तीला अर्पण केला. लढाई स्पेनच्या राजाविरुद्ध होती आणि देवता स्पेनमधून आलेली होती, याचे कुणालाही वावगे वाटले नाही.

दुसरी वाट राजाच्या दप्तराची. राजा एखाद्याला जमीन बहाल करी, तेव्हा त्या सनदेला ‘मेर्सेद’ म्हणत. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारे मूळचे रहिवासी या कृपेच्या हिशेबात क्वचितच धरले जात. क्यूबात तर याहून मोठी विसंगती दिसते. बंदिवानांना मुक्त करणाऱ्या मातेचा उत्सव ज्या बेटावर थाटाने होत असे, तेथे गुलामगिरी १८८६ पर्यंत चालू होती. पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या योरुबा लोकांनी शुभ्र वस्त्रांतील या मातेत आपल्या ओबाताला या शुभ्र देवतेला ओळखले व दोघांची पूजा एकत्र केली. आपल्या मालकांच्या देवळात जाऊन त्यांनी आपलाच देव पूजिला, असेही म्हणता येईल.

भारतातही या नावाची एक खूण आहे. पोर्तुगीज भाषेत मेर्सेदेसचे रूप ‘मेर्सेस’ होते. गोव्यात पणजीलगत तिसवाडी तालुक्यात या मातेचे चर्च आहे व गावाला पोर्तुगीज कागदपत्रांत मेर्सेस असेच नाव आहे. कोकणी व मराठी बोलणारे त्याला मेरशी म्हणतात.

मुलीचे नाव म्हणून मेर्सेदेसला एकोणिसाव्या शतकात विशेष बहर आला. ड्यूमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ (१८४४–४६) या कादंबरीमुळे ते फ्रान्समध्ये घरोघरी पोहोचले. निरपराध असून चौदा वर्षे बंदिवासात काढणाऱ्या नायकाच्या वाग्दत्त वधूचे नाव त्यात मेर्सेदेस आहे, आणि ती कातालान वस्तीतली आहे, ही गोष्ट वरील इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला सूचक वाटेल. स्पेनमध्ये हे नाव एका राणीमुळे लोकांच्या मनात रुजले. बारावा आल्फोन्सो याने आपल्या मावस भावंडांतील मारिया दे लास मेर्सेदेस हिच्याशी २३ जानेवारी १८७८ रोजी प्रेमविवाह केला. अठरावा वाढदिवस झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २६ जून रोजी, ज्वराने तिचा अंत झाला. लहान मुली फेर धरून तिचे गाणे म्हणू लागल्या व ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. राजाने पुन्हा विवाह केला, आणि १८८० मध्ये झालेल्या पहिल्या मुलीचे नाव मारिया दे लास मेर्सेदेस असेच ठेविले. पहिल्या राणीचे अवशेष २००० साली माद्रिदच्या आल्मुदेना कॅथेड्रलमध्ये हलविण्यात आले.

आता मोटारगाडीकडे वळावयास हरकत नाही. व्हिएन्नातील ख्यातनाम यहुदी धर्मोपदेशक आडोल्फ येलिनेक यांचा मुलगा एमिल हा तरुणपणी मोरोक्कोतील टँजियर व तेतुआन येथील ऑस्ट्रियन वकिलातींत नोकरीस होता. तेतुआन म्हणजे मेर्सेदचे संन्यासी ज्या ठिकाणी बंदिवान सोडविण्यास जात त्यांपैकीच एक गाव. तेथे त्याला राशेल ही स्पेनमधून पूर्वी हद्दपार झालेल्या यहुद्यांच्या वंशातील पत्नी मिळाली. १८८९ मध्ये त्यांना झालेली मुलगी मेर्सेदेस या नावाने वाढली. यहुदी धर्मगुरूच्या नातीला मरियामातेचे बिरुद लाभावे, हे नवलच. तोवर मूळ अर्थ मागे पडून नुसता स्पॅनिश गोडवा उरला असला पाहिजे. एमिल पुढे नीस येथे मोटारी विकू लागला, शर्यतींत ‘मस्य मेर्सेदेस’ असे टोपणनाव घेऊन उतरू लागला, आणि १९०० मध्ये डायम्लर कंपनीकडून गाड्या घेताना हे नाव त्यांना देण्याची अट त्याने घातली. विल्हेल्म मायबाख याने रचलेल्या नव्या गाडीने १९०१ च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यती गाजविल्या. १९०२ मध्ये नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. अशा रीतीने विक्रीच्या मालावरून निघालेला शब्द सुमारे दोन हजार वर्षांनी पुन्हा विक्रीच्या मालावर येऊन बसला. ज्या मुलीचे ते नाव, ती १९२९ मध्ये व्हिएन्नात वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारली.

जेथून ही हकीकत सुरू झाली त्या बार्सिलोनात या नावाला विसाव्या शतकात एक निराळाच प्रसंग सोसावा लागला. १६८७ मध्ये टोळधाडीच्या संकटात शहराने मेर्सेदच्या मातेला आपली रक्षणकर्ती मानले होते, व तेव्हापासून तेथील मुलींना तिचे नाव देण्याची चाल वाढली. परंतु त्या शहराची भाषा कातालान; तिच्यात हे नाव ‘मेर्से’ असे एकवचनी आहे. कातालान भाषेतील थोर कादंबरीकार मेर्से रोदोरेदा (१९०८–१९८३) हिचे नाव असेच. यादवी युद्ध चालू असताना १९३८ मध्ये जनरल फ्रान्कोच्या सरकारने कास्तिलियन स्पॅनिशखेरीज अन्य भाषांतील नावे नोंदण्यास मनाई केली. रोदोरेदा युद्धाच्या शेवटी, १९३९ मध्ये, देशत्याग करून फ्रान्सला गेली. त्याच वर्षी, तुरुंग राजकीय कैद्यांनी भरलेले असताना, सरकारने मेर्सेदच्या मातेला देशातील तुरुंगांची अधिष्ठात्री म्हणून घोषित केले. घरी मेर्से म्हणून हाक मारल्या जाणाऱ्या मुली सरकारी दप्तरात मेर्सेदेस म्हणून लिहिल्या गेल्या, आणि चाळीस वर्षे तशाच राहिल्या. जानेवारी १९७७ च्या कायद्याने ही मनाई उठली, व ज्यांची नावे कास्तिलियन रूपात नोंदली गेली होती त्यांना अर्ज करून ती आपल्या भाषेत बदलून घेण्याची मुभा मिळाली.